'मिअँडर': नदीच्या नावाचं क्रियापद कसं झालं?

खडीसाखर
इंग्रजीत भटकण्यासाठी वाँडर, रोम, रँबल, स्ट्रोल, सॉन्टर असे ढीगभर शब्द आहेत. त्यातला 'मिअँडर' वेगळा वाटतो. तो माणसालाही लावतात, नदीलाही, रस्त्यालाही आणि लांबलेल्या भाषणालाही. शब्दकोशात 'नागमोडी वाहणे' आणि 'निरुद्देश भटकणे' हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात. यातला आधीचा कुठला? तुर्कस्तानातल्या एका नदीचं हे नाव आहे असं वाचलं, ते खरं की सांगोवांगी? अनुवादात 'मिअँडरिंग पाथ' वारंवार येतंय आणि दर वेळी 'नागमोडी' लिहायचा कंटाळा आलाय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तळटीप
नदीचं खरं आहे, आणि शब्दांच्या अशा गोष्टींत इतकं पक्कं उत्तर क्वचितच मिळतं.

ग्रीकमध्ये नदीचं नाव मायअँड्रोस, लॅटिनमध्ये मेअँडर, आजच्या तुर्कीत ब्युयुक मेंदेरेस. 'ब्युयुक' म्हणजे मोठी. अनातोलियाच्या, म्हणजे आशियातल्या तुर्कस्तानच्या, पश्चिमेला दिनार गावाजवळ ती उगम पावते आणि आयदिनच्या सखल मैदानातून वळणं घेत एजियन समुद्राला मिळते. होमरच्या इलियडच्या दुसऱ्या सर्गात मिलेटस शहराच्या योद्ध्यांबरोबर तिचा उल्लेख येतो. ग्रीक कवी हेसिअडने तिच्या देवतेला ओकिअॅनस आणि टेथिस या जलदेवतांच्या मुलांमध्ये बसवलं आहे. म्हणजे नाव आधी, सामान्य शब्द नंतर.

नावाचा सामान्य शब्द होण्याचं काम ग्रीकमध्येच उरकलं होतं. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो आपल्या भूगोलाच्या १२ व्या भागात लिहितो की ही नदी इतकी वळणावळणाची आहे की जे जे वाकडंतिकडं त्याला लोक मायअँड्रोस म्हणतात. लॅटिनने तो अर्थ उचलला. रोमन कवी व्हर्जिलच्या इनिड या महाकाव्याच्या ५ व्या सर्गात शर्यत जिंकणाऱ्याला दिलेल्या अंगरख्याच्या जांभळ्या किनारीला 'दुहेरी मेअँडर' म्हटलंय. तिथे नदीचा मागमूस नाही, नुसती नक्षी.

इंग्रजीत नाम आलं १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात, तेही 'गुंतागुंत, चक्रव्यूह' या अर्थाच्या जवळचं. प्रवाह वळणं घेतो या अर्थाचं क्रियापद १७ व्या शतकाच्या सुरुवातीचं. माणूस उगाच इकडेतिकडे हिंडतो हा अर्थ सर्वांत धाकटा, १९ व्या शतकातला. तेव्हा तुमच्या शब्दकोशातला 'नागमोडी' थोरला आणि 'निरुद्देश' शेंडेफळ.

अटकमटक
मूळ संस्कृत 'मंद' तर नसेल? मंद वाहणारी ती मंदर, त्यावरून मेंदेरेस. उच्चार तर तंतोतंत जुळतोय.

तळटीप
अटकमटक, जुळतोय तो आजचा तुर्की उच्चार. तुलना नेहमी सर्वांत जुन्या नोंदीशी करायची. जुनं रूप मायअँड्रोस. त्यात पहिल्या अक्षरात 'आय' आहे, त्यानंतर आणखी एक स्वर आहे, आणि शेवट '-अँड्रोस'. 'मंद'मध्ये यातलं काहीच बसत नाही. ट्रॉयजवळच्या नदीचं नाव स्कामँड्रोस होतं. तीही त्याच प्रदेशातली, आणि शेवट तोच. ग्रीक लोक तिथे येण्याआधीच्या स्थानिक भाषांमधली ही नावं असावीत असं मानलं जातं, त्यामुळे 'मायअँड्रोस'चा स्वतःचा अर्थ ग्रीकमध्ये शोधूनही लागत नाही, मग संस्कृत तर दूरच.

अशी व्युत्पत्ती पारखायची रीत सोपी आहे. पहिली लेखी नोंद कुठली, ती कुठल्या भाषेतली आणि कुठल्या अर्थाने, हे आधी काढा. मग मधल्या प्रत्येक भाषेत तो शब्द खरंच सापडतो का ते पाहा. मायअँड्रोस, मेअँडर, मिअँडर या साखळीतली प्रत्येक कडी लेखी सापडते. 'मंद'पासून अनातोलियापर्यंत एकही कडी नाही.

उलट उदाहरण सॉन्टरचं. मध्ययुगात फ्रेंच 'साँत तेर'ला, म्हणजे पवित्र भूमीला, निघाल्याचं सांगून गावोगाव भीक मागत फिरणारे ते सॉन्टरर, अशी कथा प्रसिद्ध आहे. जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशातही ती आहे, आणि अमेरिकन लेखक थोरोने १८६२ मध्ये छापलेल्या चालण्यावरच्या निबंधात ती इतकी सुंदर मांडली की लोकांना खरीच वाटते. पण फ्रेंचमध्ये त्या अर्थाचं मधलं रूपच मिळत नाही. मधली कडी नाही म्हणजे ती गोष्ट फक्त गोष्टच.

अटकमटक
बरं, मंदर मागे घेतो. समुद्रमंथनाला परत लावतो.

गाळपेर
तळटीप यांनी स्ट्रॅबोचं अर्धंच सांगितलं, खरी गंमत त्याच भागात पुढे आहे. नदी एका काठाची माती खरवडून दुसऱ्या काठाला नेऊन टाकते, त्यामुळे शेतांच्या हद्दी हलतात. ज्याची जमीन गेली तो चक्क नदीवर दावा लावायचा. नदी दोषी ठरली तर दंड भरला जायचा पलीकडे नेणाऱ्या होड्यांच्या उत्पन्नातून, म्हणजे नदी ओलांडायला लोक जे भाडं देत त्यातून. प्रतिवादीची कमाई जप्त करण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

आपल्याकडे याच प्रश्नाला 'मळईची जमीन' म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये नदीने नव्याने टाकलेल्या जमिनीसाठी तरतुदी आहेत आणि ती देताना त्या काठाच्या भोगवटादाराचा विचार आधी होतो. नदीवर दावा मात्र लावता येत नाही.

नदीने तिथल्या शहरांचं काय केलं तेही लिहितो. मिलेटस हे आयोनियातलं, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांच्या भागातलं, बडं शहर, स्ट्रॅबोच्या काळी त्याला चार बंदरं होती. नदीच्या गाळाने लॅटमॉसचं आखात भरत गेलं आणि आज किनारा मिलेटसच्या अवशेषांपासून ८-१० किमी पश्चिमेला आहे. इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियन आणि आयोनियन आरमारांची लढाई लाडे बेटाजवळ झाली. ते बेट आज मैदानातली टेकडी आहे. आखाताचा आतला तुकडा समुद्रापासून तुटून बाफा सरोवर झाला. मायूस नावाच्या गावाचं तर पाणी तुंबून तळं झालं आणि डासांना कंटाळून लोक मिलेटसला निघून गेले, असं प्राचीन ग्रीक प्रवासलेखक पॉसेनिअस सांगतो. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला हे इतकं ठळक दिसलं होतं की नाईलने इजिप्तची जमीन कशी घडवली हे समजावताना त्याने याच मैदानाचा दाखला दिला.

खडीसाखर
हे भारी आहे. पण नदी वळतेच का? सपाट मैदानात सरळ जायला काय हरकत आहे?

ओढ्याकाठी
हा प्रश्न यायलाच हवा होता, कारण 'निरुद्देश' हा अर्थ नदीच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

प्रवाहात कुठेतरी किंचित वाक असतो. एखादा दगड, पडलेलं झाड, काठाचा मऊ भाग, काहीही पुरतं. वाकावर पाणी बाहेरच्या काठाकडे रेटलं जातं आणि तिथली पातळी थोडी उंचावते. त्यामुळे बाहेरून आत असा दाब तयार होतो. वरचं पाणी वेगवान असल्याने त्या दाबाला जुमानत नाही. तळाचं पाणी घर्षणाने मंदावलेलं असतं, ते दाबाला बळी पडून आतल्या काठाकडे सरकतं. वरून बाहेर, खालून आत, आणि सगळं मिळून पुढे, असा पिळाचा प्रवाह होतो. बाहेरचा काठ कापला जातो, तिथे डोह. तळाची वाळू आतल्या काठाला साचते, तिथे वाळूचा उतार. वाक वाढला की रेटा वाढतो, आणि रेटा वाढला की वाक वाढतो.

हाच पिळाचा प्रवाह कपात दिसतो. चहा ढवळून चमचा काढा. पत्ती कडेला फेकली जाण्याऐवजी तळाशी मधोमध गोळा होते, कारण तळाचं मंद पाणी आत सरकतं. आइनस्टाइनने १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांवर छोटा लेख लिहिला तो याच चहापत्तीपासून सुरू होतो.

सर्वांत जास्त कापणी वळणाच्या टोकावर होत नाही, टोकाच्या किंचित खाली होते. म्हणून वळणं नुसती रुंदावत नाहीत, खालच्या दिशेला सरकतातही. दोन वळणांच्या मधला गळा अरुंद होत जातो, एखाद्या पुरात पाणी तो फोडून सरळ जातं आणि जुनं वळण नालाकृती सरोवर म्हणून मागे राहतं. शाळेत ही आकृती सगळ्यांनी काढलेली असते, पण गळा तुटल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही. तेवढ्या टप्प्यात लांबी घटते, उतार वाढतो, वेग वाढतो आणि वरच्या-खालच्या वळणांवर नवी कापणी सुरू होते.

आता मापं. गाळाच्या मैदानातली नदी असेल तर एका पूर्ण वळणजोडीची (एक डावं, एक उजवं वळण) लांबी पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट आणि वळणाची त्रिज्या रुंदीच्या २ ते ३ पट. म्हणजे ५० मीटर रुंद नदीत ५०० ते ७०० मीटरला एक वळणजोडी आणि १०० ते १५० मीटर त्रिज्या. लिओपोल्ड आणि वोलमन यांनी १९६० मध्ये हे संबंध मांडले. ओढ्यापासून मिसिसिपीपर्यंत, अगदी हिमनदीवरून वाहणाऱ्या वितळपाण्याच्या ओहोळातही, प्रमाण जवळपास तेच निघतं. हिमनदीवर तर गाळही नसतो.

वळणांक म्हणजे पात्राची लांबी भागिले दरीची लांबी. १.५ च्या वर गेला की नदीला नागमोडी म्हणायचं. उपग्रहचित्रावर कुणालाही मोजता येतो, पण चुका ठरलेल्या आहेत. भागायचं ते दरीच्या अक्षाच्या लांबीने, दोन टोकांमधल्या सरळ रेषेने नाही. दरीच वळत असेल तर सरळ रेषा घेतल्यावर आकडा फुगतो. रुंदी उन्हाळ्यातल्या पाण्याची घेऊ नका, काठोकाठ भरल्यावरची घ्या. तीही दोन वळणांच्या मधल्या सरळ भागात, कारण टोकावर वाळूचा उतार धरून चुकीची रुंदी मिळते. दोन-तीन वळणांवर निष्कर्ष काढू नका, निदान दहा तरी घ्या.

कंपासपेटी
सरासरी वळणांक पाय म्हणजे ३.१४ असतो असं ऐकलंय.

ओढ्याकाठी
१९९६ मध्ये स्टोलुम यांच्या संगणकीय प्रतिमानातून ते आलं. सपाट, एकसारख्या गाळाच्या मैदानावर मोकळी सोडलेली नदी त्या आकड्याभोवती घुटमळते. खऱ्या नद्यांना खडक, टेकड्या, बंधारे आड येतात, त्यामुळे बहुतेकींचा वळणांक त्याच्या बराच खाली असतो. आकडा छान आहे म्हणून फिरतो, एवढंच.

माळरान
मग पंढरपूरची भीमा? ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे चंद्रभागा. ती यात बसते का?

ओढ्याकाठी
वळण आहे, पण मेंदेरेससारखं हिंडणारं नाही. दख्खनच्या नद्या बेसाल्टवर, चिकट गाळाच्या उंच काठांमध्ये अडकलेल्या आहेत. पूर येतो तो काठातच चढतो, काठ सहजी हलत नाही. म्हणून घाट बांधता येतात आणि शतकानुशतकं तिथेच राहतात. मेंदेरेसच्या मैदानात असा घाट बांधला असता तर काही पिढ्यांत त्याच्या पायऱ्या कोरड्या शेतात उतरल्या असत्या. सरकणारी वळणं पाहायची तर कोसी किंवा ब्रह्मपुत्रेच्या बाजूचं मैदान पाहा. कोकणात खाड्यांच्या मुखाशी, खाजणात, छोटी पण नमुनेदार वळणं दिसतात.

फूटपट्टी
क्रियापदाचा आणखी एक अर्थ राहिला, आणि तो पूर्णपणे धंदेवाईक आहे. अमेरिकेच्या सरकारी जमीनमोजणीत 'मिअँडर करणे' म्हणजे नदी किंवा तळ्याचा काठ मोजून घेणे.

१७८५ च्या अध्यादेशापासून तिथली जमीन चौकोनी तुकड्यांत मोजली गेली. चौकोनाची रेषा मोठ्या नदीला भिडली की मोजणीदार तिथे 'मिअँडर कॉर्नर'ची खूण रोवतो. तिथून काठाने दिशा आणि अंतर नोंदवत लहान लहान सरळ रेषा टाकत पुढच्या खुणेपर्यंत जातो. नौकावहनाच्या नद्या, तसंच ३ साखळ्या किंवा जास्त रुंदीचे प्रवाह असे मोजायचे असा नियम होता. साखळी ६६ फुटांची, म्हणजे १९८ फूट, साधारण ६० मीटर. योगायोग बघा, इ.स.पू. ४०१ मध्ये पर्शियन राजपुत्र धाकट्या सायरसच्या फौजेने मूळ मेअँडर नदी सात होड्यांच्या पुलावरून ओलांडली तेव्हा फौजेतल्या ग्रीक लेखक झेनोफनने तिची रुंदी दोन प्लेथ्रा नोंदवली. तेही साधारण ६० मीटरच.

गोंधळ इथे होतो: नकाशावरची मिअँडर रेषा ही मालकीची हद्द नसते. ती फक्त क्षेत्रफळ काढण्यासाठी असते, म्हणजे सरकारने किती एकरांचे पैसे घ्यायचे ते ठरवायला. हद्द म्हणजे खुद्द पाणी. नदी हळूहळू सरकली तर हद्दही सरकते. गळा फुटून एकदम सरकली तर हद्द जुन्या पात्रातच राहते. कार्टर लेक हे गाव याचं उत्तम उदाहरण. १८७७ मध्ये मिसुरी नदीने वळण तोडलं आणि आयोवा राज्याचा तुकडा नेब्रास्काच्या बाजूला राहिला. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल अचानक झाल्याचं धरून तो आयोवाचाच ठेवला, आजही आहे. नदीवर दावा लावण्यापेक्षा हे बरं.

ठिपक्यांची_वही
व्हर्जिलच्या किनारीवरून आठवलं, ग्रीक भांड्यांवर, मंदिरांवर, आणि आता टाइल्सवर, जी चौकोनी गुंफण दिसते तिलाही मिअँडरच म्हणतात. नदीशी तिचं नातं नाण्यांवर उघड दिसतं. नदीकाठच्या मॅग्नेशिया शहराच्या नाण्यांवर अपोलो या नक्षीवर उभा आहे. जवळच्या प्रिएनेच्या नाण्यांवर ही नक्षी कडेने गोल फिरते. म्हणजे नक्षी काढली की नदी समजायची. नक्षी मात्र ग्रीक भांड्यांवर त्या नाण्यांच्या कितीतरी आधीपासून आहे, नदी पाहून ती सुचली असं नाही.

काढायची असेल तर ठिपक्यांच्या चार ओळी पुरतात. खालच्या ठिपक्यावरून सुरुवात: वर ३, उजवीकडे ३, खाली २, डावीकडे १, वर १, डावीकडे १, खाली २, उजवीकडे ३. तुम्ही सुरुवातीपासून चार ठिपके पुढे, पुन्हा खालच्या ओळीवर. तेच पुन्हा. रेषा कुठेही छेदत नाही आणि हात उचलावा लागत नाही. आलेखाच्या कागदावर जाड पट्टी हवी असेल तर रेषा आणि मोकळी जागा एकेक घराची धरा. मग उंची ७ घरं आणि दर ८ घरांना एक नक्षी.

बिघडतं ते कोपऱ्यावर. बाजूची लांबी नक्षीच्या पटीत नसेल तर शेवटी अर्धवट नक्षी लोंबते. लोक मग शेवटचे दोन तुकडे ताणून बसवतात आणि ते लगेच डोळ्यात खुपतं. दुसरी चूक म्हणजे मध्यावरून दोन्हीकडे उलटसुलट काढायची. मग मधोमध दिशा पलटते आणि धावती रेषा तुटते. ग्रीक कुंभारांची युक्ती सोपी होती, दर काही आवर्तनांनंतर फुली असलेला एक चौकोन टाकायचा. त्या चौकोनाची रुंदी कमीजास्त केली की हिशेब जमतो, आणि कोपऱ्यातही तोच चौकोन बसतो.

ओढ्याकाठी
तुमच्या नक्षीत एका आवर्तनाला रेषेची लांबी १६ आणि सरकणं ४. वळणांक ४! नदीने लाजावं.

खडीसाखर
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. आता अनुवादाचं सांगा. 'द कॉन्व्हर्सेशन मिअँडर्ड'?

तळटीप
बोलण्याला 'पाल्हाळ' लावू नका, त्यात नापसंती आहे. मिअँडरमध्ये ती असेलच असं नाही. 'गप्पा या विषयावरून त्या विषयावर जात राहिल्या' पुरतं. भाषण कंटाळवाणं झालं असेल आणि लेखक वैतागलेला असेल तरच 'पाल्हाळ'.

माणसाला 'भटकणे' सरसकट नको. भटकण्यात वाट सुटल्याची छटा येते. मिअँडर करणारा वाटेवरच असतो, फक्त वाट लांबची असते. 'रमतगमत' बहुतेक ठिकाणी बसतं. बाजारातून रेंगाळत जाणाऱ्याला 'रेंगाळत', गल्लीबोळांतून जाणाऱ्याला 'वळत वळत'. 'उंडारणे' वाँडरलाही जड जातं, इथे तर मुळीच नको. वाट, पायवाट, घाटरस्ता असेल तर 'नागमोडी'ला पर्याय शोधत बसू नका, तो चांगला शब्द आहे. दर वेळी नको असेल तर 'वळणावळणाची' आहेच. भूगोलाचा मजकूर असेल तर मात्र सगळीकडे एकच संज्ञा ठेवा, तिथे विविधता म्हणजे घोळ.

गाळपेर
एक अवांतर. ब्युयुक म्हणजे मोठी, तर धाकटीही आहे. क्युचुक मेंदेरेस म्हणजे प्राचीन काइस्ट्रोस, एफेसस शहराची नदी. तळटीप यांनी सांगितलेली ट्रॉयची स्कामँड्रोस आज कारा मेंदेरेस. शिवाय तुर्कीत 'मेंदेरेस' हे नदीच्या वळणाचं सामान्यनामही आहे. तुर्की प्रवासवर्णन अनुवादाला घ्याल तर विशेषनाम कुठलं आणि सामान्यनाम कुठलं ते जपून पाहा. १९५० ते १९६० तुर्कस्तानचे पंतप्रधान असलेले अदनान मेंदेरेस हेही आयदिन भागातलेच, १९३४ च्या आडनाव कायद्यानंतर त्यांनी हे आडनाव घेतलं.

कंपासपेटी
नदी सरळ केली तर पूर लवकर ओसरतो म्हणतात. मग वळणं ठेवायची कशाला?

ओढ्याकाठी
त्या टप्प्यात ओसरतो, खालच्या गावाला मात्र लवकर आणि जास्त येतो. फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ केली. १६६ किमीच्या वळणदार पात्राचा ९० किमीचा, ३० फूट खोल कालवा झाला. काठच्या पाणथळ जागा वाळल्या, पाणपक्षी गेले, वरच्या भागातलं खताचं पाणी न गाळता थेट ओकीचोबी तळ्यात जाऊ लागलं. १९९९ मध्ये कालवा परत बुजवायला घेतला, काम २०२१ मध्ये संपलं, आणि नदीचा काही भागच पूर्ववत झाला.

आपल्याकडे ओढ्यांचं खोलीकरण-सरळीकरण करतात तिथेही हेच तपासायला हवं. उतार वाढला की तळ खणला जाऊ लागतो आणि ती खणण उगमाकडे चढत जाते. वरच्या पुलाचा पाया, जुन्या विहिरींची पाणीपातळी, दोन्ही काठांची भिंत, या क्रमाने बघा. काठावरची झाडं नदीकडे कलायला लागली असतील तर तळ खाली गेलाय असं समजायचं. मग फक्त काठाला दगड लावून भागत नाही, आधी तळाला आडवे दगडी उंबरे घालून उतार तोडावा लागतो.